मिळकतकर व पुण्याची हद्दवाढ
महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या उपनगरी गावांतील कर आणि नागरी सुविधा यांतील तफावतीचा प्रश्न. पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे समाविष्ट झाली. तोवर आयटी उद्योग व बांधकामामुळे या गावांत उंच सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. ग्रामपंचायतीची घरपट्टी मात्र मोठ्या जलवाहिन्या वा मैलाशुद्धीकरण प्रकल्प उभारण्यास अपुरी होती.

पुणे महापालिका वार्षिक करयोग्य मूल्यावर मिळकतकर आकारते. समाविष्ट गावांत तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद आहे. तरीही असंतोष वाढला, आणि तो रास्तच होता: बिल वेळेवर येई, पाणी मात्र टँकरने. शिवाय 23 गावांचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिल्याने बांधकाम परवानग्यांचे शुल्क तिकडे जाई, तर सुविधांचा भार महापालिकेवर पडे. शहराच्या कचऱ्याचा त्रास वर्षानुवर्षे सोसलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी कराविरुद्ध जोरदार आवाज उठवला. 2024 मध्ये ती महापालिकेतून वगळली जाऊन त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.