बाईच्या वाटणीचं कळण

आज आपण बोलूया कळणाबद्दल.

भात कापला की जमिनीतल्या ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी पेरायची, ही कोकणातली जुनी रीत. कुळीथ तर अस्सल इथला. दक्षिण भारतातल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांच्या उत्खननात त्याचे जळके दाणे सापडले आहेत. तो शिजवायचा, पाणी गाळून लसणाची फोडणी द्यायची, की झालं कळण. दाण्यांची उसळ.

दूर इटलीतही शेतकऱ्यांच्या घरी असंच एक सार होतं, मिनेस्त्रोने. परसात असेल ती भाजी आणि घरात असेल ते कडधान्य एकाच टोपात. आज त्यात राजम्याच्या जातीचे दाणे आणि टोमॅटो असतात, पण ते तिथे पोचले १४९२ नंतर, अमेरिकेतून. त्याआधी तिथे आपल्यासारखी चवळी शिजायची.

आपली ऋषिपंचमीची भाजीही तशीच. तिच्यातला मका, लाल भोपळा, मिरची हे सारं मूळचं अमेरिकेचं. म्हणजे परंपरेचा टोपही काळाप्रमाणे बदलत आला. बदलली नाही ती वाढण्याची रीत. वर्षात एकच दिवस हा टोप खास बाईसाठी चुलीवर चढतो, तोही पाळीचा ‘दोष’ फेडायच्या उपासाला! एरवी ती सगळ्यांच्या मागून जेवते. आमच्या घरांत आम्ही पाहिलंय, उसळ संपलेली असायची आणि आईच्या भातावर नुसतं कळण.

आज देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा हा आकडा.

मग आपणही टोप थोडा बदलूया. कुळथाला मोड आणावेत. शिजल्यावर निम्मे दाणे घोटून कळणातच सोडावेत. लाल भोपळ्याच्या फोडी आणि मूठभर शेवग्याचा पाला घालावा. ताटात घेतल्यावर लिंबू पिळावं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. सोबत भात असावा. डाळीत जे कमी असतं ते भात भरून काढतो, भातात कमी असतं ते डाळ. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवायच्या. कळण त्यांची जागा घेत नाही.

शेवटचं एक. पळी तळापर्यंत घालून आधी आपली वाटी भरून ठेवूया. उपास नसला तरी.