‘मिसेस जॉन मर्फी’ ते किम डील



गाण्याच्या इतिहासात बायका शोधायला बसलं की आधी गायिका सापडतात. वाद्य हातात घेतलेली, स्वतः चाल बांधलेली, आणि त्या चालीवर स्वतःचं नाव लावून घेतलेली बाई सापडायला वेळ लागतो. आज आम्ही अशाच एका गिटारवालीची हकीकत सांगणार आहोत. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावची आहे. तिचं नाव किम डील. ती वाजवते त्या संगीताला इंडी रॉक म्हणतात. मोठ्या कंपन्यांची वाट न बघता छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या आधाराने गाणी काढणाऱ्यांचं हे संगीत. पहिल्यांदा ऐकाल तर गोंगाट वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. पण तिच्या हकिकतीत नावाचा जो प्रश्न येतो, तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

किमचा जन्म १० जून १९६१चा. तिला जुळी बहीण आहे, तिचं नाव केली. दोघी शाळेत असतानाच एकत्र गायला लागल्या. ट्रकवाले थांबतात त्या खानावळींत आणि दारूच्या गुत्त्यांत त्या जुनी गाणी म्हणत. घरातल्या झोपायच्या खोलीतच माइक, मिक्सर, टेपयंत्र जमवून त्यांनी आपला छोटा स्टुडिओ केला होता. पुढे किमने वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या कामाचं शिक्षण घेतलं, तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर बॉस्टन शहरात राहायला गेली.

तिथे १९८६मध्ये तिने वर्तमानपत्रात एक जाहिरात वाचली. दोन तरुणांना आपल्या बँडसाठी बास गिटार वाजवणारं कुणीतरी हवं होतं. बास गिटारला जाड तारा असतात आणि तिचा आवाज खालचा, घुमणारा. भजनात डग्गा जे काम करतो तेच ती करते, लक्षात येत नाही पण थांबली तर सगळं पोकळ वाटतं. त्या जाहिरातीला अख्ख्या शहरातून एकटी किम उत्तर द्यायला गेली. तिच्याकडे बास नव्हती, ती वाजवताही येत नव्हती. तिने बहिणीची बास मागून आणली आणि शिकली. बहिणीलाही ड्रम वाजवायला घ्यावं म्हणून स्वतःच्या पैशाने विमानाचं तिकीट काढून तिला बोलावलं. त्या मुलांना ती पसंत पडली, पण तिलाच आपल्या हाताचा भरवसा वाटेना, म्हणून तिने नाही म्हटलं. बँडचं नाव ठरलं ‘पिक्सीज’.

आता नावाची गोष्ट. १९८७ आणि १९८८मध्ये पिक्सीजच्या पहिल्या दोन रेकॉर्ड निघाल्या. त्यांवर वादकांच्या यादीत किम डील हे नाव कुठेच नाही. तिच्या जागी छापलं आहे, ‘मिसेस जॉन मर्फी’. जॉन मर्फी म्हणजे तिचा नवरा. हे कुणी तिच्यावर लादलं नव्हतं. एका बाईंशी बोलताना तिने ऐकलं होतं, की मला माझ्या नावाने हाक मारू नका, नवऱ्याच्या नावाने मारा, त्यातच माझा मान आहे. किमला ते इतकं चमत्कारिक वाटलं की तिने मुद्दाम, थट्टा म्हणून तेच नाव छापायला दिलं. लग्नपत्रिकेवरच्या ‘सौ. आणि श्री.’मध्ये अर्धं नाव गिळलेल्या आपल्यासारख्यांना ही थट्टा समजवून सांगायला नको. १९८८च्या सुमारास तिचा घटस्फोट झाला आणि १९८९च्या ‘डूलिटल’ या रेकॉर्डवर ती पहिल्यांदा किम डील म्हणून आली. आमच्या मते तिची खरी कारकीर्द इथून मोजावी.

पिक्सीजची जवळजवळ सगळी गाणी त्यांचा गायक ब्लॅक फ्रान्सिस लिहायचा. किमच्या वाट्याला फार थोडं यायचं. ‘जायगँटिक’ हे तिने त्याच्याबरोबर लिहिलेलं आणि स्वतः गायलेलं गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं, तरी पुढच्या रेकॉर्डवर तिला फारशी जागा मिळाली नाही. मग तिने आपली वेगळी चूल मांडली. ‘ब्रीडर्स’ नावाचा बँड काढला आणि त्यात बास खाली ठेवून गिटार हाती घेतली. ‘पॉड’ ही पहिली रेकॉर्ड १९९०मध्ये आली. स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने ती केली. केलीलाही त्यात यायचं होतं, पण ती संगणकाची नोकरी करत होती आणि तिला रजा मिळाली नाही. हेही आपल्याला नवीन नाही.

पुढे १९९२च्या सुमारास ती नोकरीतून सुटून आली. तिला मुख्य गिटार द्यायची ठरली, आणि ती वाजवायची कशी हे तिला धड येत नव्हतं! तेही ती काम करता करता शिकली. १९९३ साली ब्रीडर्सची ‘लास्ट स्प्लॅश’ निघाली. अमेरिकेत तिच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. त्यातलं ‘कॅननबॉल’ हे गाणं जगभर वाजलं. त्याची सुरुवात बासवर होते आणि ती चुकीच्या सुरावर होते. जोसेफिन विग्ज ही बास वाजवणारी सरावात चुकीचा सूर धरायची आणि बाकीचे आले की सावरून घ्यायची. किमला ती चूकच आवडली, म्हणून ती तशीच ठेवली.

याच रेकॉर्डवर एक तुकडा आहे, ‘एसओएस’ नावाचा. त्यात केलीने आपलं शिलाई मशीन चालवून त्याचा आवाज गिटारच्या मोठ्या स्पीकरमधून काढला आहे. आम्ही हे वाचलं तेव्हा हसलो, मग वाटलं, खरंच, त्या पायाखालच्या खडखडाटात ताल असतोच की. (ही केली विणतेही उत्तम. गाण्याच्या दौऱ्यांवर गाडीत बसून विणलेल्या पिशव्यांवर तिने २००८मध्ये पुस्तक काढलं आहे.)

त्या ‘एसओएस’मधली गिटारची एक ओळ उचलून १९९६मध्ये ‘प्रॉडिजी’ या इंग्लंडमधल्या बँडने ‘फायरस्टार्टर’ हे गाणं केलं. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पण या वेळी नाव गिळलं गेलं नाही. त्या गाण्याच्या लेखकांच्या यादीत किम डीलचंही नाव आहे. लेखक म्हणून नाव लागलं की गाणं वाजेल तितका मोबदला त्या नावाकडे येत राहतो. सातबाऱ्यावर नाव असणं आणि नसणं यात जो फरक, तोच इथे.

मधली वर्षं वाईट गेली. १९९४मध्ये केली अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडली गेली आणि तिला व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागलं. किमही दारू आणि नशेत अडकली होती. २००२मध्ये तीही केंद्रात दाखल झाली आणि त्यातून बाहेर पडली. २००४मध्ये पिक्सीज पुन्हा एकत्र आले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर जगभर फिरली. २०१३मध्ये तिने तो बँड कायमचा सोडला.

दौरे संपले की ती डेटनला परत येत असे. आईला विसरण्याचा आजार, अल्झायमर झाला होता. नावाजलेली गिटारवाली आईवडिलांची सेवा करत तिथे राहिली. एकदा घरातल्या बोळात आईने तिला थांबवलं आणि विचारलं, तू माझी आहेस का? लेकीचं नाव तर आईला आठवत नव्हतंच, नातंही निसटत होतं. किमने त्यावर ‘आर यू माइन?’ हे गाणं केलं. प्रेमगीत समजून ऐकलं तर प्रेमगीतच वाटतं. ज्यांच्या घरी असं म्हातारं माणूस आहे, त्यांना मात्र ते वेगळं ऐकू येईल.

हे गाणं आणि आणखी काही गाणी तिने २०१३च्या आसपास छोट्या तबकड्यांवर, कुठल्याही कंपनीशिवाय स्वतःच काढली. २०१८मध्ये ब्रीडर्सची नवी रेकॉर्ड आली. दरम्यान आईवडील दोघंही गेले. स्वतःच्या एकटीच्या नावाची संपूर्ण रेकॉर्ड मात्र राहूनच जात होती. ती २२ नोव्हेंबर २०२४ला निघाली, ‘नोबडी लव्हज यू मोअर’. अकरा गाणी आहेत, त्यात दहा वर्षांपूर्वीचं ‘आर यू माइन?’ही आहे. किम तेव्हा ६३ वर्षांची होती. काही गाण्यांचं ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीनेच केलेलं आहे. रेकॉर्ड निघायच्या सहा महिने आधी, मे २०२४मध्ये, तो अचानक वारला. बहीण केली हिचाही या रेकॉर्डमध्ये हात आहे, आणि वर नाव आहे फक्त किम डील.