व्हेसुव्हियस : राखेखालचा इतिहास

आज एका डोंगराविषयी बोलायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस ज्वालामुखीवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण या डोंगराने माझ्या विषयाचं एक अख्खं ग्रंथालय पोटात ठेवलं आहे, तेव्हा माझाही त्याच्यावर थोडा हक्क पोहोचतो. ग्रंथालयाकडे शेवटी येऊ.

व्हेसुव्हियस इटलीत, नेपल्सच्या आखाताला लागून आहे. उंची साधारण १२८० मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या आसपासच. इ. स. ७९ पूर्वी तिथल्या लोकांच्या लेखी तो ज्वालामुखी नव्हताच. उतारावर द्राक्षाचे मळे होते, पायथ्याशी पॉम्पेई, हर्क्युलेनियम अशी नांदती गावं होती. माथ्यावरचे दगड जळल्यासारखे दिसतात, असं स्ट्रेबो हा भूगोलकार आधीच लिहून गेला होता. पण विद्वानांचं लिहिलेलं कोण मनावर घेतो? इ. स. ६२ मध्ये मोठा भूकंप झाला, पॉम्पेईची पडझड झाली. लोकांनी घरं पुन्हा बांधायला काढली. १७ वर्षांनी स्फोट झाला तेव्हाही काही ठिकाणी डागडुजी चालूच होती. त्यांना वेडं म्हणू नका. भूकंपानंतर आपणही गाव सोडत नाही, भिंती लिंपतो.

स्फोटाची हकीकत आपल्याला एका १७ वर्षांच्या मुलामुळे कळते. हा धाकटा प्लिनी. आखाताच्या दुसऱ्या टोकाला, मिसेनमला, तो मामाकडे होता. मामा म्हणजे थोरला प्लिनी, तिथल्या रोमन आरमाराचा प्रमुख आणि निसर्गाविषयी एक प्रचंड कोश लिहिणारा माणूस. दुपारी डोंगरावर एक विचित्र ढग उठलेला दिसला. तिकडच्या छत्रीसारख्या पाइन वृक्षासारखा, वर फांद्या फुटलेला. मामाने कुतूहलापोटी हलकी नाव काढायला सांगितली आणि भाच्याला विचारलं, येतोस का? भाचा म्हणाला, मी अभ्यास करतो. (परीक्षेच्या दिवसांत हे उत्तर आईवडिलांना फार आवडेल.) इतक्यात पायथ्याच्या एका बाईची चिठ्ठी आली, की आमची सुटका करा. तेव्हा मामाने बेत बदलला, मोठी जहाजं बाहेर काढली आणि लोक जिथून पळत होते त्या दिशेला निघाला. स्टेबिये इथल्या किनाऱ्यावर त्याचा मृत्यू झाला. भाच्याने पुढे सुमारे २५ वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराला दोन पत्रं लिहिली, त्यांत हे सगळं आहे. तशा उंच उसळणाऱ्या स्फोटाला आजही शास्त्रज्ञ 'प्लिनियन' म्हणतात.

त्या पत्रावरून २४ ऑगस्ट ही तारीख शाळेपासून सांगितली जाते. पण २०१८ मध्ये पॉम्पेईत कोळशाने भिंतीवर लिहिलेला मजकूर सापडला, त्यावर १७ ऑक्टोबरची तारीख आहे, वर्ष नाही. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, म्हणून आता बरेच अभ्यासक स्फोट शरद ऋतूत झाला असं मानतात. मलाही ते पटतं.

पॉम्पेईवर आधी आपल्या वजरीसारखे हलके, सच्छिद्र दगड तासन्‌तास पडत राहिले. पुष्कळ लोक या काळात निसटले असणार. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तापलेली राख आणि वायू यांचे लोट डोंगरावरून वेगाने खाली आले, तेव्हा मात्र उरलेल्यांना संधी नव्हती. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली, त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये फिओरेली याने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि तोंडावर हात घेतलेली, गुडघे पोटाशी घेतलेली माणसं पुन्हा दिसू लागली. ती काचेत ठेवून तिकीट लावून दाखवावीत का, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

राजेमहाराजांचा इतिहास आपल्याला इतर साधनांतूनही कळतो. पॉम्पेईने दिला तो साध्या माणसाचा इतिहास. भट्टीतले जळून कोळसा झालेले पाव, खाणावळीचे कट्टे, भिंतींवर रंगवलेली निवडणुकीची आवाहनं, कोणाला दिलेल्या शिव्या, कोणाची प्रेमपत्रं. बाकी जगात हे सगळं रोजच्या झाडलोटीत आणि रंगसफेदीत नाहीसं होतं.

आणि याच ढिगाऱ्यात १९३८ मध्ये एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. जेमतेम वीतभर उंची. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण ती यक्षी असावी असं पुष्कळांचं मत आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती कुठे सापडल्या, तर आपल्या भोकरदनला आणि तेरला! तेर म्हणजे सातवाहनकाळातलं तगर. त्यामुळे ही मूर्ती मराठवाड्यात घडली असावी असं मत मांडलं गेलं. गंमत अशी, की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीनेच आपल्या कोशात केली आहे. त्या व्यापाराला नावं ठेवणारा आणि त्या व्यापारातून गेलेली मूर्ती, दोघांवर एकाच डोंगराची राख पडली.

व्हेसुव्हियस तेव्हापासून अनेकदा जागा झाला. १६३१ मध्ये हजारो माणसं गेली. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सान सेबास्तियानो गाव लाव्ह्याखाली गेलं. तरी माणसं तिथेच का राहतात? जमीन सुपीक, हे उत्तर आपल्याला समजायला अवघड नाही. आपली काळी माती दख्खनच्या लाव्ह्यातूनच आली आहे. फरक इतका, की आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला आणि त्यांचा डोंगर जिवंत आहे. आज धोक्याच्या पट्ट्यात सुमारे ७ लाख लोक राहतात. सरकारची योजना ७२ तासांत सगळ्यांना हलवायची आहे. हे जमायचं तर डोंगराने आधी सूचना द्यायला हवी आणि अधिकाऱ्यांनी ती वेळेत मानायला हवी.

आता ते ग्रंथालय. १७५२ च्या सुमारास हर्क्युलेनियमच्या एका श्रीमंत वाड्यात कोळशासारख्या काळ्या गुंडाळ्या सापडल्या. ते पपायरसचे ग्रंथ होते, तुकडे धरून सुमारे १८०० मोजले गेले. उलगडायला जावं तर चुरा होतो. वाचता आले त्यांतले बहुतेक फिलोडेमस या एपिक्युरसच्या अनुयायाचे निघाले. मरणाला भिऊ नका, सुखाला फार काही लागत नाही, असं शिकवणारी ही परंपरा. वाड्यापासून थोड्याच अंतरावर, जुन्या किनाऱ्यावरच्या नावा ठेवायच्या कमानींत, जवळपास ३०० सांगाडे १९८० नंतर सापडले. सुटकेची वाट पाहत आत शिरलेली माणसं ती. त्यांतल्या कोणी फिलोडेमस वाचला होता का, आणि वाचला असता तर त्या रात्री त्याचा काही उपयोग झाला असता का, हे माझ्या विषयाला विचारायलाच हवं. पुस्तकातल्या निर्भयतेची परीक्षा वर्गात होत नाही.

अलीकडे क्ष-किरण आणि संगणक वापरून गुंडाळी न उघडता आतलं वाचता येऊ लागलं आहे. २०२४ च्या सुरुवातीला तीन तरुण विद्यार्थ्यांना त्यासाठी मोठं बक्षीस मिळालं. वाचलेल्या भागात चर्चा आहे खाण्याच्या आणि संगीताच्या सुखाची. शेकडो गुंडाळ्या अजून शिल्लक आहेत, आणि वाड्याचा बराच भाग जमिनीखालीच आहे. तो खोदून काढावा, पुढच्या स्फोटाआधी ग्रंथ वाचवावेत, असं काही अभ्यासक म्हणतात. मोह मलाही होतो. पण वर आजचं एर्कोलानो गाव आहे, तिथे लोक राहतात. खणायला पैसा असेल, तर माझ्या मते तो आधी त्यांना बाहेर काढायच्या रस्त्यांवर जावा. ग्रंथ दोन हजार वर्षं थांबले आहेत, आणखी थांबतील.

प्रश्न असतील तर विचारा. माइक मागेही द्या.