बालगायनातील हस्तखुणा : ख्रिस्तसभेचा एक विस्मृत वारसा

देवाची स्तुती कंठाने होते, तद्वत् हातांनीही होते, हे विधान कित्येक भाविकांस नवलाचे वाटेल. बालगायकवृंदाने गीत गाताना आपल्या कर्णबधिर सोबत्यांसाठी हातांच्या खुणा कराव्यात, ही पद्धत अलीकडे ठिकठिकाणी रूढ होऊ पाहत आहे. आणि ती पाहून ‘हे कोणते नवे खूळ?’ असे विचारणारे सज्जनही भेटतात. धर्मग्रामाची ज्युबिली म्हणजे मागे वळून पाहण्याची वेळ. म्हणून या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या मुखानेच द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम संगीताकडे पाहू. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सो नगरी गुइदो नावाचे बेनेडिक्टाईन संन्यासी देवालयातील गायक मुलांस शिकवीत असत. स्तोत्रे पाठ करण्यातच मुलांची वर्षेच्या वर्षे खर्ची पडतात, हे पाहून त्यांनी संत योहान बाप्तिस्ताच्या एका लॅटिन स्तोत्रातील चरणांच्या आद्याक्षरांवरून स्वरांस नावे दिली. आज जगभर म्हटले जाणारे ‘रे, मी, फा, सोल, ला’ हे त्या स्तोत्राचेच देणे होय. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘गुइदोचा हात’ मध्ययुगात सर्वत्र पसरला. डाव्या हाताच्या पेरापेरांवर स्वर नेमलेले असत. गुरूने पेरास बोट लावावे व शिष्यांनी तो स्वर गावा, अशी ती रीत. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांनी, सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या गायनपद्धतीचा आधार घेऊन, प्रत्येक स्वरास हाताची एक खूण ठरविली. आणि विसाव्या शतकात हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय यांच्या शिक्षणपद्धतीमुळे त्या खुणा देशोदेशींच्या शाळांत पोहोचल्या. तात्पर्य, मुलांच्या गायनात हाताला स्थान देणे ही गोष्ट मुळीच नवी नव्हे.

परंतु या खुणा ज्यास ऐकू येते त्याच्याच उपयोगाच्या. ज्यास ऐकू येत नाही त्याचे काय? येथे शुभवर्तमानातील एक प्रसंग ध्यानी घ्यावा. ज्या योहानाच्या स्तोत्रातून स्वरांची नावे निघाली, त्याच्या नामकरणाच्या वेळी त्याचा पिता जखऱ्या याची वाचा बंद होती. नातलगांनी त्यास खुणांनी विचारले व त्याने पाटीवर नाव लिहून दिले, असे संत लूक सांगतात. खुणेने विचारलेला प्रश्न व लिहून दिलेले उत्तर देवाच्या कार्यास पुरेसे झाले. तथापि श्रद्धा ऐकण्याने येते, या संत पौलाच्या वचनाचा अर्थ शब्दशः घेऊन, बहिऱ्या मनुष्यास श्रद्धेचे ज्ञान कसे व्हावे, अशी शंका शतकानुशतके काढली गेली.

त्या शंकेचे निरसन मठांतून सुरू झाले. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकातील आपल्या नियमावलीत, भोजनसमयी काही हवे असल्यास बोलून न मागता खुणेने मागावे, असे सांगितले होते. आणि पुढे क्लूनीसारख्या मठांत अशा खुणांच्या याद्याच तयार झाल्या. सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्याच्या मठातील पेद्रो पोन्से द लेओन या बेनेडिक्टाईन संन्याशांनी सरदारघराण्यातील कर्णबधिर मुलांस लिहिण्यास, वाचण्यास व बोलण्यास शिकविले. सतराव्या शतकाच्या आरंभी संत फ्रान्सिस द सेल्स यांनी मार्टिन नावाच्या एका गरीब कर्णबधिरास स्वतः खुणांनी धर्मशिक्षण देऊन ख्रिस्तप्रसादास पात्र केले. म्हणूनच ते कर्णबधिरांचे आश्रयदाते संत मानले जातात.

तदनंतर १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांसाठी आपल्या घरीच शाळा उघडली. दोन कर्णबधिर भगिनी धर्मज्ञानाविना राहतील, ही चिंता त्यांच्या कार्याच्या मुळाशी होती. त्यांचा मोठेपणा असा की, प्रथम ते आपल्या शिष्यांकडून त्यांच्या खुणा शिकले. परंतु फ्रेंच व्याकरणाचे बारकावे दाखविण्यासाठी त्यांनी स्वतःच्या कल्पनेने ज्या कृत्रिम खुणा घडविल्या, त्या पुढे टिकल्या नाहीत. टिकली ती कर्णबधिरांची स्वतःची भाषा.

सत्य सांगावयाचे तर या इतिहासास काळी बाजूही आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने, खुणांपेक्षा मुखाने बोलण्याची पद्धतच श्रेष्ठ, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत केला. तिचे अध्यक्ष जुलिओ तार्रा हे धर्मगुरूच होते. आणि मत देणाऱ्यांत स्वतः कर्णबधिर असलेले जवळजवळ कोणी नव्हते. परिणामी अनेक देशांतील शाळांतून मुलांस हात हलविण्याचीही बंदी झाली. मुंबईचे येशूसंघीय बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांसाठी जी संस्था निघाली, ती या देशातील अशी पहिली शाळा समजली जाते. हे आपणांस भूषणावह खरे. परंतु त्या काळच्या वाऱ्याप्रमाणे आपल्या देशातील शाळांतही दीर्घकाळ मुखाने बोलण्यावरच भर राहिला. १९६५ साली रोमने कर्णबधिरांच्या उपासनेत खुणांच्या भाषेस संमती दिली. आणि २०१० साली व्हँकुव्हर येथील जागतिक परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांबद्दल खेद प्रकट केला. हिंदुस्थानात २०१५ साली दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनाचे व शिक्षणाचे सरकारी केंद्र स्थापन झाले.

या इतिहासातून बालगायनास लागू पडणारा बोध एकच : खुणा कर्णबधिरांसाठी घडवावयाच्या नसतात, त्या त्यांच्याकडून शिकावयाच्या असतात. ऐकणाऱ्या मुलांनी मनाने रचलेल्या हालचाली पाहण्यास गोड दिसतील. परंतु बाकावर बसलेल्या कर्णबधिर बालकास त्यांतून काहीच कळले नाही, तर त्या निव्वळ शोभेच्या होत. या भाषेचे व्याकरण निराळे आहे. मराठी शब्दाला शब्द लावून ती साधत नाही. यास्तव गीताचा अर्थ प्रथम जाणकार कर्णबधिर व्यक्तीपुढे ठेवावा व तिच्याकडून खुणा शिकाव्यात. कर्णबधिर बालकास श्रोत्यांत न बसविता गायकवृंदात, पुढल्या रांगेत, तोंडावर व हातांवर उजेड पडेल असे उभे करावे. घुमटाचा कंप त्याच्या तळहातास लागू द्यावा. आणि मुख्य म्हणजे, मिस्सा आटोपल्यावर अंगणात त्याच्याशी चार गोष्टी करता येतील इतपत ती भाषा इतर मुलांनी वर्षभर शिकावी. सणाच्या दिवशी त्याच्यासाठी हात उचलावेत आणि उरलेले वर्षभर त्याच्याशी कोणी बोलू नये, यास आम्ही सेवा म्हणू शकत नाही.

ज्युबिली हा शब्द मेंढ्याच्या शिंगाच्या हिब्रू नावावरून आला आहे. पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकून बंधमुक्तीची वार्ता देशभर दिली जात असे. आपल्या धर्मग्रामातील ज्या लेकरास शिंगाचा नाद पोहोचत नाही, त्यास ती वार्ता पोहोचविण्याचे काम आपल्या हातांचे आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू ख्रिस्त आपल्या मुलांच्या कंठांस व हातांस आशीर्वाद देवो, हीच आमची प्रार्थना.