क्रोमॅटिन-विकरे : पेशीचक्रातील नियमन

पेशीकेंद्रकात डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर मिथिल, अ‍ॅसिटिल, फॉस्फेट असे गट चढवणारी किंवा उतरवणारी विकरे. हिस्टोनांच्या एका गाठीला डीएनएच्या १४७ बेसजोड्यांचा वेढा असतो. तो सैल की घट्ट, हे बरेचसे या गटांवर ठरते. ‘जनुके चालू-बंद करणारी विकरे’ एवढीच यांची ओळख करून दिली तर निम्मी गोष्ट राहून जाते. पेशी दुभागताना ती वेळेवर कामाला लागावी लागतात आणि वेळेवर थांबावीही लागतात.

लोणंदच्या बाजारातला कांदा पाण्यावर ठेवावा, फुटलेल्या मुळाचे टोक रंगवून काचपट्टीवर दाबावे. मध्यावस्थेतील पेशीत १६ गुणसूत्रे आखूड, जाड काड्यांसारखी दिसतात. याच सुमारास ऑरोरा-बी हे विकर एच-३ हिस्टोनच्या दहाव्या जागेवरील सेरिनला फॉस्फेट जोडते. शेजारच्या नवव्या जागेवरील मिथिलला धरून बसलेले एचपी-१ प्रथिन त्यामुळे सुटते. मिथिलची खूण मात्र पुसली जात नाही. विभाजन संपताना फॉस्फेट उतरतो आणि एचपी-१ त्याच खुणेवर परत येते. प्राण्यांत हा फॉस्फेट गुणसूत्रभर पसरतो, बहुतेक वनस्पतींत तो गुणसूत्रबिंदूच्या आसपासच राहतो.

सेट-८ या विकराची तऱ्हा आणखी कडक. ते एच-४ च्या विसाव्या लायसिनवर एक मिथिल चढवते. डीएनएची प्रत निघू लागली, की डीएनएवर बसलेल्या पीसीएनए या कड्यासारख्या प्रथिनाला ते चिकटते, तिथेच त्यावर युबिक्विटिनची खूण पडते आणि ते मोडीत निघते. हे मोडणे अडवले तर क्रोमॅटिन अवेळी आवळते, प्रत काढण्याचे काम बिघडते. पुढे विभाजनाच्या तोंडावर ते पुन्हा साठते. तेव्हा सीडीके-१ या पेशीचक्र हाकणाऱ्या विकराने जोडलेला फॉस्फेट त्याला मोडीपासून वाचवतो.

अ‍ॅसिटिल चढवणाऱ्या सीबीपीची क्रियाशीलता प्रत निघण्याच्या उंबरठ्यावर सीडीके विकरांमुळे वाढते. त्याचे भावंड पी-३००. एकेकाळी हरिपूरच्या पेवांत साठवल्या जाणाऱ्या, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीतले कुरकुमिन पी-३०० ला रोखते, असे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील तपस कुंडू यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवले. पण कुरकुमिन इतर अनेक प्रथिनांनाही धरते आणि पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. परीक्षानळीतला हा परिणाम हळदीच्या दुधाला लागू करता येत नाही.