एका पदवीची कुळकथा : संगणकाला ‘व्यवस्थापन’ कसे जोडले गेले

बिडकीन आणि आसपासच्या गावांतल्या मुलामुलींच्या हातात आज बीसीए, एमसीए, बीएस्सी आयटी, एमबीए अशा पदव्या दिसतात. त्यांचे आता कुणाला नवल वाटत नाही. ‘माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापन’ हा विषय या पदव्यांत कधी स्वतंत्र शाखा म्हणून येतो, तर कधी एखाददुसरी प्रश्नपत्रिका म्हणून. माझा प्रश्न साधा आहे. यंत्र आणि व्यवस्थापन ही दोन निराळी कुळे विद्यापीठात एकत्र नांदायला कशी लागली? आणि मराठवाड्यात येताना त्यांनी सोबत काय आणले, वेशीबाहेर काय ठेवले?

मी कुठल्या विद्यापीठाचा संशोधक नाही. जुनी माहितीपत्रके, अभ्यासक्रमाच्या पुस्तिका, प्रवेशाच्या जाहिराती रद्दीतून वेचून ठेवणे ही माझी बऱ्याच वर्षांची सवय आहे. हे कागद चाळताना एक गोष्ट लक्षात येते : या विषयाचे नाव दर दहा-पंधरा वर्षांनी बदलले आहे. नाव का बदलले, हे शोधू गेले की इतिहास आपोआप हाती लागतो.

आधी यंत्राचे कूळ पाहू. आपल्या देशात संगणक आला तो शास्त्रज्ञांच्या घरी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० च्या सुमारास चालू झाला. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० आला, आणि १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र बसले. या यंत्रांपुढे बसणारी माणसे गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते होती. हिशेबनीस आणि कारकून त्या खोलीच्या बाहेर होते.

दुसरे कूळ व्यवस्थापनाचे. कोलकाता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ सालच्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. तिथे कारखाना, बाजारपेठ, भांडवल, कामगार हे विषय होते. यंत्र तिथे फक्त एक साधन होते.

ही दोन कुळे एकमेकांना भेटली ती कचेरीत, आणि पहिली भेट भांडणाची झाली. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने कोलकात्यात संगणक बसवायचे ठरवले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद एका मराठी अर्थतज्ज्ञाकडे, वि. म. दांडेकरांकडे होते. त्या समितीचा अहवाल १९७२ सालचा. पुढे १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या संगणकीकरणाची आखणी केली. म्हणजे संगणक कचेरीत येणार हे ठरायलाच जवळजवळ वीस वर्षे गेली. तो आल्यावर चालवणार कोण, हा प्रश्न मग विद्यापीठाच्या दारात आला.

नुसता अभियंता इथे पुरेसा नव्हता. पगारपत्रक, गोदामाची खतावणी, कर्जखाते यांची रीत त्याला ठाऊक नसे. वाणिज्य पदवीधराला रीत ठाऊक होती, पण यंत्र परके होते. या दोघांच्या मधल्या माणसासाठी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी एमसीए ही पदवी आकाराला आली. तिच्यामागे प्रा. व्ही. राजारामन यांचा विचार मोठा होता. त्यांची स्वस्त आवृत्तीतली पुस्तके अनेक पिढ्यांनी वापरली. तीन वर्षांच्या या पदवीत प्रोग्रॅमिंगबरोबर हिशेबशास्त्र, संघटन आणि ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम’ हे विषय ठेवले गेले, आणि शेवटी प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन करायचा प्रकल्प. महाराष्ट्रात पुणे आणि नागपूर विद्यापीठांनी याच गरजेला आणखी एक नाव दिले : ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’. एमसीएम ही पदवी बाहेरच्या राज्यातल्या माणसाला चटकन कळत नाही. आपल्याकडच्या पन्नाशीतल्या किती तरी बँक आणि कंपनी अधिकाऱ्यांच्या नावापुढे मात्र ती आहे.

आता मराठवाडा. इथे उशीर का झाला, याची कारणे संगणकाच्या फार आधीची आहेत. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. शेतकऱ्याच्या मराठी मुलाला ते अंतराने दूर आणि भाषेने त्याहून दूर. १७ सप्टेंबर १९४८ नंतर दारे उघडू लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाले, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० ला. टिफ्रॅक चालू होत होता त्या वेळी आमचे विद्यापीठ दोन वर्षांचे होते, हे लक्षात ठेवले तर ‘मागासलेपण’ या शब्दाचा नेमका अर्थ कळतो.

पुढची धाव मात्र वेगाने झाली. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये उभा राहिला आणि त्याच्यामागून सुटे भाग बनवणारे असंख्य छोटे कारखाने आले. माझा तर्क असा, की इथे ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ची मागणी खऱ्या अर्थाने वाळूजने निर्माण केली. स्टोअरचा साठा, हजेरी, पगार आणि पुरवठादारांची बिले ठेवणारी माणसे तिथे हवी होती. विद्यापीठाच्या आवारात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्था आली, तीच आजची ‘नायलिट’. विद्यापीठाच्या विभागाच्या नावात संगणकशास्त्राच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान आले. १९९० मध्ये डोएक योजनेच्या ‘ओ’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ पातळ्या सुरू झाल्या. महाविद्यालयात न बसताही पदवीच्या तोडीची पात्रता मिळवण्याची ती वाट होती. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि ‘एमएस-सीआयटी’ गावोगावी पोहोचले.

इथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. पण पुस्तिका चाळताना मला सारखी एक उणीव खटकते. ‘सिस्टीम अॅनालिसिस’च्या पुस्तकांत उदाहरणे येतात ती ग्रंथालयाची, हॉटेलची, विमान आरक्षणाची, पगारपत्रकाची. आमच्या मुलांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्या माहितीच्या व्यवस्थेवर पोट अवलंबून होते, ती व्यवस्था मला या उदाहरणांत कुठेच सापडली नाही. ती व्यवस्था म्हणजे तलाठ्याचे दप्तर.

वाचकांनी क्षणभर सातबारा समोर धरावा. गाव नमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकांचा. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र. सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. सहामधील फेरफाराचा क्रमांक सातवर लिहिला जातो, त्यामुळे कोणते नाव कशामुळे चढले आणि कोणते का उतरले हे मागे मागे शोधता येते. नोंद एकाने घ्यायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत ठेवायची आणि प्रमाणित दुसऱ्याने, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याने करायची. आजच्या एमबीएच्या वर्गात ‘ऑडिट ट्रेल’ आणि ‘मेकर-चेकर’ या नावांनी जे शिकवतात, ते याहून फारसे वेगळे नाही. मराठवाड्यात तर त्यामागे आणखी एक थर आहे : १९५४-५५ चे खासरा पत्रक. जमिनीचा वाद जुना निघाला की शोध तिथपर्यंत जातो.

२०१७ साली राज्यात संगणकीकृत सातबारा तपासण्यासाठी चावडी वाचन झाले. गावासमोर नोंदी वाचायच्या, चुका लोकांनी दाखवायच्या, मग दुरुस्ती करायची. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. माहितीची शुद्धता यंत्रात नसते, ती माहिती ज्याची आहे त्याने तपासल्यावरच येते, हा या विषयातला सर्वांत मोठा धडा चावडीवर गिरवला गेला. माझ्या हाती आलेल्या एकाही पुस्तिकेत तो नाही.

बिडकीनला हा प्रश्न जिवाचा आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी इथल्या शिवारातली हजारो एकर जमीन गेली. बिडकीन औद्योगिक क्षेत्र ७,८५५ एकरांचे आहे आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे राष्ट्रार्पण झाले. ज्या जमिनीचा सातबारा आजोबांनी पेटीत जपला, ती जमीन आता भूखंड क्रमांकाने ओळखली जाते. माझ्या पाहण्यातल्या काही घरांत मोबदल्यातला एक वाटा मुलांच्या फीला गेला. म्हणजे शेताची जागा पदवीने घेतली आहे. मग त्या पदवीत काय आहे, हे विचारण्याचा हक्क या घरांना आहे. नुसती बटणे दाबणारा माणूस घडणार असेल, तर त्याचे काम उद्या दुसरे यंत्र करील. माहिती कुणाची, ती कोण तपासतो, चुकली तर भोगतो कोण, हे कळणारा माणूस मात्र कारखान्यालाही लागेल आणि गावालाही.

नावे अजून बदलत आहेत. एमसीए २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले. बीसीए आणि बीबीए २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. यंत्रेही बदलतील. ‘व्यवस्थापन’ हा शब्द मात्र टिकून आहे. त्यात आशय भरायचा तर सोपी सुरुवात सुचवतो : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांपैकी एक प्रकल्प प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या एखाद्या नोंदवहीवर करावा. ती तलाठ्याची असो, सोसायटीची असो, पाणीवाटपाची असो की रेशनची. ती कशी भरली जाते, कुठे चुकते, कोण दुरुस्त करतो हे त्याने लिहावे, आणि मग वाटल्यास प्रोग्रॅम करावा. यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र लागत नाही. लागते ती फक्त परीक्षकाची तयारी, आणि गावच्या दप्तराला अभ्यासाचा विषय मानण्याची.