लालबाग-परळच्या अन्नपूर्णा

कोकणातील व घाटावरील गावांच्या देवळांच्या जुन्या वर्गणीवह्या चाळल्या, तर देणगीदारांच्या नावांपुढे लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी असे पत्ते आढळतात. गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या पगारातून गावोगावची देवळे उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या चाकरमान्याला दोन वेळ जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची आठवण सहसा निघत नाही. त्यांच्या संस्थेची हकीकत प्रत्येक कार्यकारी मंडळाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

गिरणगावात पुरुष बहुधा एकटा राही. एका खोलीत अनेक गडी पाळीपाळीने झोपत आणि जेवण एखाद्या गाववाल्या बाईच्या खानावळीत घेत. पैसे पगार झाल्यावर मिळत. तोपर्यंत किराणा उधारीवर आणावा लागे, प्रसंगी मंगळसूत्र गहाण पडे आणि सावकाराचे जबर व्याज चढे. गडी आजारी पडो, न सांगता गावी जावो की गिरणी बंद राहो, तूट बाईच्याच पदरात येई. १९७४ च्या आरंभी गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. त्या काळात या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. संप मिटला, बायकांचे कर्ज मात्र मिटले नाही.

गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या श्रीमती प्रेमाताई पुरव या कामगार चळवळीत काम करीत होत्या. त्यांनी हे ओळखले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. परंतु तारण नाही, जामीन नाही, अशा बाईला बँकेच्या दारात कोण उभे करणार? त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी होते, त्यांचे साहाय्य झाले. पहिल्या १४ बायकांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळाले.

तारणाच्या जागी एकमेकींची हमी होती. शेजारपाजारच्या बायकांचा गट करावयाचा आणि एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी जबाबदार राहावयाचे, अशी ती रीत. त्यामुळे पैसे कशाला हवेत, फेड कशी होणार, याची चौकशी गटातच होई. शेजारणीची ऐपत आणि नड शेजारणीइतकी बँकेच्या साहेबाला कोठून कळणार? पुढे बांगलादेशात प्राध्यापक महंमद युनूस यांची ग्रामीण बँक गटपद्धतीमुळेच जगभर गाजली आणि २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लालबाग-परळच्या बायकांनी मात्र ही वाट १९७०-८० च्या दशकातच धरली होती.

खरी कसोटी पुढेच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. हजारो कामगार गावी परतले, पुष्कळ गिरण्या कायमच्या बंद झाल्या आणि खानावळींचे गिऱ्हाईक तुटले. केवळ गिरणीच्या पगारावर विसंबलेली संस्था अशा वेळी बुडावयाची. मंडळाने मात्र कार्यालयांना व समारंभांना जेवण पुरविण्याचे काम वाढविले, स्त्रियांना शिक्षण दिले, वाशी येथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह चालविले. धंद्याचे रूप पालटले, परंतु एकमेकींच्या हमीचा मूळ नियम सोडला नाही. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

या हकीकतीचे सार एवढेच, की सारा भार एकाच्या खांद्यावर ठेवू नये, एकाच उत्पन्नावर विसंबू नये आणि हिशेब सर्वांसमोर असावा. देवळाचा जीर्णोद्धार झाला, कळस चढला, म्हणजे काम संपले असे नाही. वर्गणी आटली, कर्ती माणसे पांगली, तरी दिवाबत्ती चालू राहिली पाहिजे. ही तरतूद उत्सवाच्या दिवसांतच करावयाची असते. अन्नपूर्णेच्या लेकींनी ती केली. तशीच सुबुद्धी ग्रामदैवत सर्वांस देवो.